दिवा विझवणारा डबा



आता वस्त्यावस्त्यांत सौर दिवे आले आहेत. कुठे विहाराच्या छपरावर, कुठे शेतातल्या घरावर, कुठे अभ्यासिकेवर निळी-काळी पॅनेल दिसतात. ती बसवतात त्या दिवशी फोटो निघतात, भाषणे होतात, पेढे वाटले जातात. दोन वर्षांनी त्याच ठिकाणी गेले तर पॅनेल छपरावर तशीच असतात, खाली दिवा मात्र लागत नाही. विचारले तर उत्तर एकच मिळते, "बॅटरी गेली." ती कशी गेली, हे कोणी सांगत नाही. आमच्या वस्तीतली बॅटरी कशी गेली ते मी आज सांगणार आहे. कारण ती घालवण्यात माझाही हात होता.

मी तालुक्याच्या गावी एका कार्यालयात कारकून आहे. शिक्षण बी.कॉम. दिवसभर आवक-जावक आणि रजिस्टरे, संध्याकाळी वस्तीची कामे, असा माझा अनेक वर्षांचा क्रम आहे. वस्तीत वर्गणीतून जे काही होते त्याचा हिशेब माझ्याकडे असतो. हिशेबात माझी कधी चूक होत नाही, असा माझा समज होता.

आमच्या वस्तीत घरांना वीज आहे. पण घर म्हणजे एक खोली. त्यातच चूल, त्यातच टीव्ही, त्यातच आजारी म्हातारे आणि रडणारे लेकरू. दहावी-बारावीच्या मुलामुलींनी वही उघडून बसायचे कुठे? म्हणून टेकाडावर पत्र्याचे जे जुने सभागृह आहे त्यात आम्ही अभ्यासिका सुरू केली. त्या जागेच्या कागदांचा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे तिथे मीटर मिळाले नाही. खालच्या खांबावरून आकडा टाकावा, असे एक-दोघांनी सुचवले. बैठकीत सर्वांनी ठरवले, आकडा टाकायचा नाही. आपली मुले चोरीच्या उजेडात शिकणार नाहीत.

शेवटी जून २०१७ मध्ये वर्गणी करून सौर संच बसवला. १५० वॅटची दोन पॅनेल, १२ व्होल्टची १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी, १० वॅटच्या सहा एलईडी ट्यूब, आणि भिंतीवर पंजाएवढा एक डबा. त्या डब्याला चार्ज कंट्रोलर म्हणतात. एकट्या बॅटरीचेच साडेतेरा हजार झाले. ही वर्गणी देणारी माणसे कोण? वीटभट्टीवर जाणारी, गवंड्याच्या हाताखाली काम करणारी, चार घरची धुणीभांडी करणारी. एका आजीने पदराची गाठ सोडून पाचशे रुपये दिले. म्हणाली, "माझा नातू न्हाई शिकला, दुसऱ्याचा तरी शिकू दे." ती पावती मी माझ्या हाताने फाडली आहे.

पहिले सहा महिने सगळे सुरळीत चालले. संध्याकाळी सहाला ट्यूब लागत, दहाला मुले घरी जात. जानेवारी २०१८ मध्ये एका हितचिंतकाने अभ्यासिकेला एक इन्व्हर्टर आणि छताचे दोन पंखे भेट दिले. पत्र्याखाली उकडते म्हणून आम्हाला आनंदच झाला. इन्व्हर्टरच्या दोन जाड वायरी थेट बॅटरीच्या टोकांना जोडल्या गेल्या. त्यांचा भिंतीवरच्या डब्याशी काही संबंध राहिला नाही. ही गोष्ट त्या दिवशी आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नाही.

फेब्रुवारी उजाडला आणि रात्री नऊच्या सुमारास ट्यूब एकदम बंद पडू लागल्या. गंमत अशी की पंखे फिरत राहायचे आणि दिवे जायचे. डब्यावर एक लाल दिवा लागायचा. मुले कंटाळून खाली यायची. दहावीतली एक मुलगी मला म्हणाली, "काका, प्रमेय अर्ध्यावर आलं की रोज दिवे जातात. परीक्षा तोंडावर आली आहे. काहीतरी करा ना."

वस्तीतलाच एक मुलगा आयटीआयला वायरमनचा कोर्स करून आलेला. त्याने डबा पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, हा डबाच दिवे बंद करतोय. बॅटरीत जीव आहे, पंखे चालतात म्हणजे करंट आहेच. ह्याला बायपास करतो. लाईन डायरेक्ट बॅटरीवर घेतो." मी क्षणभरही विचार केला नाही. म्हणालो, "कर बाबा. पोरांचं वर्ष आहे." त्याने वायर डब्यातून काढली आणि सरळ बॅटरीला जोडली. दिवे लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही मोठे काम केल्यासारखे वाटले.

त्या मार्चमध्ये मुलांचा अभ्यास रात्री अकरा-अकरापर्यंत झाला, हे खरे आहे. ते मी नाकारणार नाही. पण पुढे काय झाले तेही ऐका.

एप्रिलमध्ये इन्व्हर्टर बीप-बीप ओरडू लागला. ओरडून बंद पडायचा. मुले पाच मिनिटे थांबून बटण दाबायची, की तो पुन्हा थोडा वेळ चालायचा. मग पुन्हा बीप. एका रात्रीत पाच-सहा वेळा असे चालायचे. मे महिन्यात सुट्टी लागली. ऊन कडक होते, वापर नव्हता, त्यामुळे बॅटरी थोडी सावरली. आम्हाला वाटले, सगळे ठीक आहे. जुलैमध्ये पावसाची झड लागली. टेकाडाची वाट चिखलाने बंद झाली म्हणून अभ्यासिकेला कुलूप लावले. दहा-अकरा दिवसांनी उघडले तेव्हा एकही दिवा लागेना. नंतर ऊन पडले, पण बॅटरी काही धरेना. सकाळी अकरा वाजताच फुल भरल्याचे दाखवायची, आणि संध्याकाळी चार ट्यूब लावल्या की अर्ध्या तासात संपायची.

मी आणि दोन तरुण तडक दुकानदाराकडे गेलो. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला बोललो, "गरिबांच्या वर्गणीचे पैसे आहेत. डुप्लिकेट माल दिलात तुम्ही." त्याने शांतपणे एकच प्रश्न विचारला, "साहेब, लाईन कंट्रोलरमधूनच आहे ना?"

मी म्हणालो, "हो."

वाचकहो, तो 'हो' मला आजही खुपतो. मी खोटे बोललो. दुसऱ्याला सत्य सांगत फिरणारा माणूस मी, पण चूक अंगावर येते आहे असे दिसताच माझी जीभ वळली.

बॅटरी दुकानात नेण्याआधी आमच्या एका नातेवाइकाला दाखवावी, असे ठरले. हे आबा एसटीच्या डेपोतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे उभे आयुष्य गाड्यांच्या बॅटऱ्यांत गेले. ते हातात काचेची नळी घेऊन आले. वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. त्याला हायड्रोमीटर म्हणतात. बॅटरीच्या सहाही बुचांतून त्यांनी थोडे थोडे पाणी ओढून पाहिले. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत हा आकडा साधारण १२४० च्या आसपास असतो. आमच्या पाच खणांत तो अकराशेच्या आगेमागे होता आणि सहाव्या खणात जवळजवळ नुसते पाणी. आबांनी बॅटरी दोन दिवस हळूहळू चार्ज करून पाहिली. पाच खण थोडे वर आले आणि तिथेच अडकले. सहावा हललाच नाही.

आबा मला म्हणाले, "बॅटरी चांगल्या मेकची आहे. तुम्ही मारली तिला. उपाशी ठेवून मारली."

मग त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. या प्रकारची बॅटरी काही नवी नाही. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ मध्ये बनवली. आत शिशाच्या प्लेटा असतात आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. आपण वीज वापरतो तेव्हा आम्लातला अंश प्लेटांवर जाऊन बसतो आणि त्यांच्यावर शिशाच्या सल्फेटचा बारीक थर तयार होतो. आम्ल पातळ होत जाते. दुसऱ्या दिवशी उन्हाने चार्जिंग झाले की तोच थर परत विरघळतो. रोज थोडा थर चढणे आणि रोज उतरणे, हेच बॅटरीचे आयुष्य. पण बॅटरी पार रिकामी केली आणि तशीच ठेवली, तर तो थर कडक खडे धरतो. पातेल्याला लागलेले दूध लगेच घासले तर निघते. चार दिवस तसेच वाळू दिले तर तार घेऊन घासले तरी निघत नाही. तसेच हे आहे. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. म्हणूनच आमची बॅटरी लवकर 'भरत' होती आणि लवकर संपत होती. आत भरायला जागाच उरली नव्हती.

दुसरी गोष्ट सहाव्या खणाची. १२ व्होल्टच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा खण एकापुढे एक जोडलेले असतात. सगळे सारख्या ताकदीचे कधीच नसतात. पार तळ गाठेपर्यंत वीज ओढली की सर्वांत कमजोर खण आधी संपतो, आणि उरलेले पाच त्याच्यातून उलट दिशेने करंट ढकलू लागतात. तो खण उलटा होतो आणि मरतो. एक खण मेला की बॅटरी गेली.

भिंतीवरचा तो डबा नेमके हेच होऊ नये म्हणून असतो. त्याला तीन जोड्या वायरी असतात, एक पॅनेलची, एक बॅटरीची आणि एक दिव्यांची. बॅटरी जास्त भरू लागली की तो पॅनेलला आवरतो, आणि बॅटरी ठरलेल्या आकड्याखाली उतरली की दिवे तोडतो. आराम घेतलेली भरलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. सगळा खेळ जेमतेम एका व्होल्टचा आहे. दिवे तोडल्यावर बॅटरीला आराम मिळतो आणि तिचा व्होल्टेज आपोआप थोडा वर चढतो. ती काही भरलेली नसते, दम घेतलेला असतो. म्हणून चांगला डबा दिवे लगेच परत जोडत नाही. बरेच चार्जिंग होईपर्यंत वाट पाहतो. आमची मुले बटण दाबून जो उजेड मिळवत होती तो असल्या दमावर मिळवलेला होता.

मी विचारले, "पण आबा, इन्व्हर्टरलाही कट-ऑफ असतोच ना?" ते म्हणाले, "असतो. पण बऱ्याच इन्व्हर्टरांत तो साडेदहा व्होल्टच्या आसपास ठेवलेला असतो. घरात लाईट गेली, दोन तास पंखे चालले, लाईट आली की लगेच चार्जिंग, अशा वापराचा तो हिशेब. तिथे जास्त लोडमुळे व्होल्टेज दाबला जातो, आणि आत माल शिल्लक असतानाच तो तुटतो. तुमच्यासारखा थोडा थोडा करंट रात्रभर ओढला तर साडेदहा यायच्या आतच बॅटरी रिकामी झालेली असते. आणि परत भरायला खांबावरची लाईट नाही, सूर्य पाहिजे. पावसाळ्यात तो कुठून आणणार?"

घरी आलो. जेवताना पत्नीला सगळे सांगितले. तिने एकच विचारले, "मीठ-मिरचीचा हिशेब लिहायला लावता मला. त्या बॅटरीचा जमाखर्च कोणी लिहिला होता का?"

ताट बाजूला सारून मी कागद घेतला. विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. आमची बॅटरी १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तासांची. आयुष्य टिकवायचे तर त्यातले निम्मेच, म्हणजे ९०० वापरायचे. जमेची बाजू अशी: ३०० वॅटची पॅनेल, स्वच्छ दिवसाचे चार तास पूर्ण ऊन धरले तर १२००, धूळ, उष्णता, वायरी आणि बॅटरीतली घट वजा जाता साधारण ८५०. खर्चाची बाजू अशी: सहा ट्यूब चार तास, २४० वॅट-तास. ७५ वॅटचे दोन पंखे पाच तास, ७५०. आणि इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो स्वतःसाठी १०-१२ वॅट खातो; बारा धरले तर चोवीस तासांचे २८८. एकूण १२७८. जमा ८५०, खर्च १२७८. रोज सव्वाचारशेची तूट, तीही चांगल्या उन्हात!

दिवे खाणारे दिवे नव्हतेच. पंखे आणि रिकामा इन्व्हर्टर बॅटरी खात होते, आणि डबा बिचारा त्याच्या हातात होते तेवढेच, म्हणजे दिवे, तोडत होता. आम्ही इशारा देणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवले. जुलैतल्या त्या दहा-अकरा दिवसांत तर इन्व्हर्टर बंदच केला नव्हता. ढगाळ दिवसांत पॅनेलमधून जे थोडे येत होते तेही तोच गिळत होता. कुलपाआड बॅटरी रिकामी पडून राहिली. बी.कॉम. झालेल्या माणसाला ही बेरीज पाच मिनिटांची होती. ती मी जानेवारीत केली असती तर वर्गणीचे साडेतेरा हजार वाचले असते.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच दुकानदाराकडे गेलो. म्हणालो, "त्या दिवशी मी खोटे बोललो. लाईन डायरेक्ट होती. आणि चार लोकांत तुम्हाला बोललो, त्याबद्दल माफी मागतो." त्याने बसायला सांगितले, चहा मागवला. जुन्या बॅटरीचा भाव त्याने नियमाने धरला. बस्स, तेवढेच. वॉरंटीचा शब्द मी काढला नाही, कारण तो हक्क आमचा नव्हता.

खरी परीक्षा वस्तीच्या बैठकीत होती. हिशेब वाचताना मी उभा राहून सांगितले की बॅटरी खराब निघाली नाही. मी परवानगी दिली आणि आपण ती मारली. वायरमन मुलाचे नाव घेतले जात होते, ते मी थांबवले. तो तोडगा त्याने सुचवला, पण 'कर' म्हणणारा मी होतो. काहीजण रागावले. एकाने बरोबर बोट ठेवले: "मार्चच्या पोरांनी उजेड वापरला, आता ह्या वर्षीच्या पोरांनी काय करायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. एका वर्गाच्या मुलांना आम्ही पुढच्या वर्गाचा उजेड काढून दिला होता. जुलैपासून दिवाळीपर्यंत अभ्यासिका संध्याकाळी बंद राहिली.

पाचशे रुपये देणारी आजी मागे बसली होती. ती म्हणाली, "आरं, आमी रातच्याला चुलीत इस्तू राखंत झाकून ठिवायचो. समदा जाळून टाकला तर सकाळी शेजारणीच्या दारात जावं लागायचं. तुमच्या त्या डब्यात बी तसंच झाकून ठिवायचं आसंल." मी अर्धा तास व्होल्ट आणि वॅट समजावत होतो. आजीने दोन वाक्यांत सगळ्यांच्या गळी उतरवले.

नवी बॅटरी २०१८ च्या दिवाळीत आली. मधल्या काळात एकाने ट्रकची जुनी बॅटरी फुकट देऊ केली होती. आबांनी नको म्हटले. गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर मोठा धक्का देण्यासाठी असते, तिच्या प्लेटा पातळ असतात. रोज रात्री हळूहळू रिकामी होणे तिला मानवत नाही. सौर संचाला जाड प्लेटांची ट्यूब्युलरच लागते.

या वेळी आम्ही व्यवस्था बदलली. ती सविस्तर सांगतो, कारण कोणाला उपयोगी पडेल.

पहिले काम, इन्व्हर्टर काढून टाकला. छताचे पंखे विकून १२ व्होल्टवर चालणारे, २८ वॅटचे दोन पंखे घेतले. ट्यूब आणि पंखे, सगळी लाईन डब्यातूनच घेतली. आता खर्च ५२० च्या आसपास आला. पावसाळ्यात पंखे लावायचेच नाहीत आणि ट्यूब चारच लावायच्या, असे ठरले.

दुसरे काम, आबांनी डब्यातला तोडण्याचा आकडा ११.८ वर आणि पुन्हा जोडण्याचा १२.८ वर ठेवला. डबा आणि बॅटरी यांच्यातली वायर लांब आणि बारीक होती, ती बदलून आखूड आणि जाड केली. बारीक वायरीत व्होल्टेज पडतो आणि डब्याला खोटा आकडा दिसतो.

तिसरे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुलांनी डबा का चुकवला होता? कारण तो दिवे तोडायचा तेव्हा त्यांच्यापुढे अंधाराशिवाय काहीच नव्हते. माणसाला अंधारात सोडणारा नियम माणूस मोडणारच, मग तो त्याच्या कितीही भल्याचा असो. म्हणून आम्ही चार छोटे चार्जिंगचे दिवे घेतले. ते दिवसा भरून ठेवायचे आणि डब्याने लाईन तोडली तरच काढायचे. त्यानंतर कोणाचाही हात डब्याकडे गेला नाही.

चौथे काम, एक वही केली. सकाळी सूर्य वर यायच्या आधी आणि रात्री कुलूप लावताना, दोन वेळा व्होल्टचा आकडा लिहायचा. सकाळची आरंभीची शिल्लक, रात्रीची अखेरची शिल्लक, अगदी रोजकीर्दीसारखी. सकाळचा आकडा १२.२ च्या खाली दिसला की त्या संध्याकाळी तीनच ट्यूब, हा मुलांनी स्वतः केलेला नियम. वही आठवी-नववीची मुले पाळीपाळीने लिहितात. मोठ्यांपेक्षा नेटकी लिहितात.

ही वही २०२० मध्ये कामाला आली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि अभ्यासिकेला कुलूप लागले. किती दिवस, कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दिवशी वायरमन मुलगा धावत टेकाडावर गेला. त्याने दिव्यांच्या लाईनीचा फ्यूज काढला आणि पॅनेलची लाईन तशीच चालू ठेवली, म्हणजे बॅटरी रोज भरलेली राहील आणि खाणारे कोणी नसेल. अधूनमधून जाऊन तो डिस्टिल्ड वॉटर घालत राहिला. अभ्यासिका पुन्हा उघडली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी सहाही ट्यूब लागल्या. २०१८ मध्ये दहा-अकरा दिवसांत बॅटरी मारणारे आम्ही, कित्येक महिन्यांच्या कुलपातून ती जिवंत बाहेर काढली. तो मुलगा आज आसपासच्या वस्त्यांत सौर संच दुरुस्त करतो, आणि डायरेक्ट जोडणी कोणी कितीही विनवले तरी करून देत नाही.

ती बॅटरी एप्रिल २०२४ पर्यंत चालली. साडेपाच वर्षे. पहिली चालली होती जेमतेम एक वर्ष. या वेळी लिथियमची घ्यावी का, यावर चर्चा झाली. लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीला पाणी घालावे लागत नाही आणि तिच्यातला बराच जास्त भाग वापरता येतो. पण तिचा खणही फार खाली गेला तर बिघडतोच. म्हणून तिच्या पोटातच तोडणारे सर्किट बसवलेले असते, आणि डबाही तिच्यासाठी लावून घ्यावा लागतो. थोडक्यात, पहारेकरी तिलाही लागतो. आमचा डबा शिशाच्या बॅटरीचा होता आणि पैसेही तेवढेच होते, म्हणून पुन्हा ट्यूब्युलर घेतली.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत दिली. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारात जास्त पैसे मिळतात म्हणून बॅटरी घरी फोडू नका, शिसे वितळवू नका. शिसे विष आहे आणि लहान मुलांना त्याचा फार त्रास होतो. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ मेणबत्ती, अगरबत्ती लावू नका, खोली हवेशीर ठेवा. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

बंधू-भगिनींनो, तुमच्या विहारात, अभ्यासिकेत किंवा शेतातल्या घरात सौर संच असेल तर आज संध्याकाळी एवढेच करा. बॅटरीच्या टोकांकडे पाहा. पॅनेलचा डबा सोडून आणखी कोणत्या वायरी तिथे जोडल्या आहेत, ते मोजा. जी वायर डब्याला चुकवून गेली असेल तिच्याबद्दल विचारा, ती कोणी जोडली आणि का जोडली. जोडणाऱ्यावर रागावू नका. त्याने चांगल्याच हेतूने जोडली असेल. मीही तसेच केले होते. मग कागद घ्या, जमा आणि खर्च लिहा. आणि मुलांसाठी एक छोटा दिवा बाजूला भरून ठेवा.

आमच्या अभ्यासिकेत तो डबा आजही भिंतीवर आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याने पावणेनऊला दिवे तोडले. मी तिथेच होतो. एका मुलीने उठून छोटे दिवे काढले, वहीत वेळ आणि आकडा लिहिला, आणि सगळी मुले पुन्हा अभ्यासाला लागली.